पहिला कोप राखणदाराचा

सुमी, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. चहा थंड होऊ दे. तू आधी हसशील, मग म्हणशील पदू वाढवून सांगते, तिची सवयच ती. म्हण, पण शेवटी म्हण. आता फक्त ऐक.

आणि आधी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी दोन वर्षं कुणाला सांगितली नाही, तुलासुद्धा नाही. रागावू नकोस. आमच्या बाबांचं नाक गेलं होतं.

कापलं-बिपलं नाही गो. वास गेला होता. तो दुसरा ताप आला होता ना सगळ्यांना, तेव्हा बाबांनाही आला, खोकला गेला, अंगदुखी गेली, तोंडाला चव आली थोडी थोडी, पण वास काही आला नाही. तू म्हणशील त्यात काय, माझ्या मामालाही तसं झालं होतं. पण तू कारापूरची, तुझे बाबा बँकेत, तू काजू बघितलेला पाकिटातला. आमच्या कोरगावात बाबांच्या नावाने बाबली म्हटलं तर दहा बाबली निघतील. "नाकवाले" म्हटलं की पोरंसुद्धा आमच्याच घराकडे बोट दाखवतात.

कारण काय, ते सांगते. आम्ही काजीची बोंडं झाडावरून तोडत नाही. आपण पडली की पूर्ण पिकली. ती गोळा करायची, बी काढायची, पायांनी तुडवायची, रस पिंपात ठेवायचा. त्यात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. दोन-तीन दिवसांत तो आपला आपण उकळल्यासारखा फसफसतो. मग भट्टीवर चढवायचा आणि पहिल्या वाफेचा जो निघतो तो हुर्राक. आता भट्टीवर कधी चढवायचा, हाच सगळा खेळ. फेस कुणालाही दिसतो. पण एक दिवस आधी चढवलास तर हुर्राक थोडा पांचट, एक दिवस उशीर केलास तर आंबट. तो नेमका वेळ फक्त नाकाला कळतो. बाबा पिंपावरचं फडकं बाजूला करायचे, डोळे मिटून एकदा वास घ्यायचे, आणि सांगायचे, "फाल्यां सकाळी." उद्या सकाळी म्हणजे उद्या सकाळी. आसपासच्या सहा-सात भट्ट्या बाबांच्या शब्दावर पेटायच्या. अनंतकाका, आमचे शेजारी, त्यांच्या भट्टीचं पहिलं पिंप तर बाबांनी वास घेतल्याशिवाय कधी हललं नाही.

आणि त्या माणसाचं नाक गेलं.

पहिल्या वर्षी त्यांनी अंदाजाने पिंप ठेवलं आणि सगळं आंबलं. ते त्यांनी ओहोळात ओतलं आणि लोकांना सांगितलं की पिंपच घाण होतं. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, बाबा, मी हुंगते, तुम्ही सांगा. मग आमचं ठरलं. मी वेणी पुढे घेतली की चढवा, वेणी मागे असली की थांबा. बाबा फडकं उचलायचे, डोळे मिटायचे, वास घेतल्यासारखं करायचे, मग डोळे उघडून हळूच माझ्याकडे बघायचे. दुसऱ्यांच्या भट्टीवर गेले तरी मी बरोबर. लोक म्हणायचे, बाबलीचं चेडू बापाला सोडत नाही बघा, केवढी माया.

दोन मोसम असे काढले. हुर्राक आंबला नाही. बरा झाला. पण बराच, बस. अनंतकाका आधी आमचा पहिला हुर्राक प्यायचे तेव्हा काही बोलायचेच नाहीत, नुसता रिकामा कोप परत पुढे करायचे. कोप म्हणजे आपला ग्लास गो, आमच्याकडे अजून कोपच म्हणतात. आणि आता ते प्यायचे आणि म्हणायचे, "बरी आसा, बाबली." बरी आसा म्हटलं की बाबांचं तोंड उतरायचं. कारण बरी तर कुणाचीही असते.

यंदा फेब्रुवारीत बाबा आईला म्हणाले, हे शेवटचं वर्ष. नंतर भाण विकायचं. भाण म्हणजे भट्टीवरचं मोठं तांब्याचं भांडं, आजोबांच्या आधीपासूनचं. आई यशोदा म्हणजे तुला माहितीच आहे, एरवी एका शब्दाला चार शब्द. ती नुसती तांदूळ निवडत राहिली.

आता खरी गोष्ट.

मी हरमलला ज्या गेस्ट हाउसमध्ये बसते ना, तिथे एक बाई आली. रोझालिया. पन्नाशीची, हात बघितले तर आपल्या शेतातल्या कामेरणींसारखे, नखांत माती. सिसिलीची. सिसिली म्हणजे इटलीचा बूट आहे ना नकाशात, त्याच्या टोकाने लाथ मारल्यासारखं समोर बेट आहे, ते. त्यांचा द्राक्षमळा, समुद्र दिसतो म्हणे तिथून. बाप, भाऊ, आत्या आणि ती, एवढीच माणसं. चार पिढ्या. औषध मारत नाहीत, रासायनिक खत नाही, द्राक्षांच्या ओळींमध्ये बाकला म्हणून शेंगांचं पीक पेरतात आणि फुलाला आलं की मातीत गाडतात. त्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन करतात. आणि तिच्या बापाची एक खोड. दर वर्षी एक बाटली तो कुठल्यातरी परक्या माणसाला पाठवतो, जो स्वतःच्या हाताने दारू गाळतो त्याला. त्या माणसाने वास घ्यायचा आणि काय वास येतो ते सांगायचं, रोझालियाने वहीत लिहायचं, आणि म्हातारा घरी बसून ती वही वाचतो. बापाने तिला सांगून ठेवलंय, "छान आहे असं लिहून आणलंस तर घरात घेणार नाही."

तिने मला विचारलं, तुमच्याकडे असा कोणी आहे का?

सुमी, माझं तोंड. मी काउंटरवर बसून, मान ताठ करून, अख्ख्या पेडण्यात माझ्या बाबांसारखं नाक नाही असं सांगून मोकळी. सांगताना मी विसरलेच. खरंच विसरले गो. लहानपणापासून तेच सांगत आले ना मी सगळ्यांना.

आठवलं तेव्हा ती हात जोडून थँक्यू म्हणत होती.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते अंगणात कोयता पाजळत होते. पाजळतच राहिले.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काहीतरी पुटपुटा. तिला आपली भाषा येत नाही. तुम्ही म्हणा, म्हस दूध दिना. मी इंग्रजीत सांगते फुलांचा वास येतोय."

"खोटां सांगतलंस?"

"खोटं नाही, भाषांतर."

"म्हशीचां फुल करतलंस आणि तेका भाषांतर म्हणतलंस." मग कोयता खाली ठेवून म्हणाले, "येऊ दे. पावणा मागे फिरवचां नसतां."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्कूटरवर घेऊन आमच्या काजीच्या डोंगराकडे आले. बाबा भट्टीच्या मांडवात, धुतलेला शर्ट घालून. शर्ट घालून भट्टीवर बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. आई एका बाजूला बोंडं निवडत. रोझालियाने पिशवीतून स्वेटर काढला, स्वेटरमधून बाटली काढली, अशी दोन हातांनी, बाळाची पाठ धरतात तशी, आणि बाबांच्या हातात दिली.

आणि बाबांनी काय केलं असेल?

हालवली.

थोडी नाही. हुर्राक हालवतात तशी, वर-खाली, वर-खाली, जोर लावून, आणि मग उन्हात धरली. हुर्राक असाच बघतात, बुडबुडे काचेला किती वेळ चिकटून राहतात त्यावर कडक की नरम ते कळतं. हे काम नाकाशिवाय होतं, म्हणून बाबा हल्ली हालवतात फार. रोझालिया हात पुढे करून धावली तोवर झालं होतं सगळं. आत सगळं गढूळ. त्यांची वाइन ते गाळत नाहीत गो, तळाला साका बसलेला असतो, तो बसलेलाच ठेवायचा असतो. ती बाटली तिने इटलीपासून स्वेटरमध्ये गुंडाळून जपून आणली होती, आणि आमच्या बाबांनी अर्ध्या मिनिटात पावसाळ्यातला ओहोळ करून टाकला.

मी तिला विचारलं, गेली का? ती म्हणाली, नाही, पण आता थांबावं लागेल. हलवायची नाही, सावलीत उभी ठेवायची, चार-पाच तास तरी.

बाबांना मी सांगितलं. त्यांनी बाटली पाण्याच्या माठाशेजारी ओल्या वाळूत उभी केली, वर ओलं फडकं टाकलं, आणि नंतर तिच्याकडे बघायलाही तयार नाहीत. एवढे लाजले. आई बोंडं निवडता निवडता म्हणाली, "काय नाय, पदू. सांग तिका, आमचो मनीस पोरगो हातात दिलो तरी आधी हालवन बघता." मी हे भाषांतर केलं. रोझालिया एवढी हसली की खाली बसली. मग बाबाही हसले थोडे.

म्हणून ती दिवसभर राहिली, सुमी. बाटली हालवली नसती तर अर्ध्या तासात वास, वही, टाटा, संपलं असतं. हे लक्षात ठेव.

तिने बूट काढले, पाय धुतले आणि विचारलं, तुडवू का? आणि दगडाच्या कुंडीत उतरून ती जी तुडवायला लागली, आई उभीच राहिली बघत. टाच आधी, मग चवडा, घाई नाही. आई म्हणाली, "हिका कोणी शिकवक नको." दुपारी पेज जेवली आमच्याबरोबर, आंब्याचं लोणचं बोटाने चाटून. बाबा हळूहळू तिला विचारायला लागले. कीड पडली की काय करता? ती म्हणाली, थोडा गंधक, आणि बाप रोज एकेका ओळीतून चालतो. बाबांनी मान हलवली. "चलता तो बरो," म्हणाले, "चलल्याशिवाय झाड सांगना नाय." हे मी भाषांतर केल्यावर तिने वही काढली आणि लिहून घेतलं. वास अजून राहिलाच होता.

साडेतीन-चारला तिने फडकं उचलून बघितलं आणि म्हणाली, आता चालेल. हळूच बूच काढलं. आई घरातून चार कोप घेऊन आली, ते जाड काचेचे, पाहुण्यांचे. रोझालियाने पहिल्या कोपात ओतली. रंग कसला सांगू, भिरंडाचं, कोकमाचं गो, आगळ बाटलीत भरून उन्हात धरतात ना, तसला, पण खोल. मी वेणी चाचपली उगाच. वेणीत काय होतं तेव्हा. पुढे म्हणजे काय आणि मागे म्हणजे काय, त्या वासासाठी आमचं काही ठरलंच नव्हतं.

बाबांनी कोप उचलला. मला वाटलं आता नाकाशी नेतील. ते उठले आणि चालायला लागले.

रोझालिया माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, थांब, पहिला कोप आमचा नसतो. डोंगराच्या हद्दीवर सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. आमची बोंडं, आमची गुरं, आम्ही, सगळ्यांवर त्याची नजर. मोसमाचा पहिला हुर्राक त्याला, भाकरीचा रोट त्याला, विडी त्याला. जे काही पिण्याचं ह्या डोंगरावर येईल त्याचा पहिला कोप त्याला दिल्याशिवाय बाबा ओठाला लावत नाहीत.

आई मागून म्हणाली, "अहो, परदेशी ती. तेका चलात?"

"तो काय पासपोट बघता?" बाबा म्हणाले, न थांबता.

आम्ही मागोमाग गेलो. दगड म्हणजे जांभ्याचा, गुडघ्याएवढा, काळा पडलेला. सातविणीची सावली दुपारी दुसऱ्या बाजूला जाते, त्यामुळे दुपारपासून तो उन्हात तापत असतो, हात लावलास तर तव्यासारखा. बाबांनी चपला काढल्या, उकिडवे बसले, तोंडातल्या तोंडात सांगणं केलं, पावणी आली हा, लांबची हा, तिच्या बापाच्या हातची हा, मानून घे. आणि कोप ओतायला लागले. रोझालियाने हळूच विचारलं, सगळा? मी बाबांना विचारलं, सगळा?

"राखणदाराक काय औषधाचो डोस देऊचो हा?" म्हणाले, आणि सगळा कोप ओतला, दगडाच्या डोक्यावर, सावकाश.

सुमी, आता ऐक हं.

तापलेल्या जांभ्याची भोकं माहिती आहेत ना तुला, ती सगळी एकदम प्यायली. चुर्र असा बारीक आवाज. आणि मग वास उठला. दगडातून वर आला तो वास, गरम, जसा काही आत कोणीतरी बसलंय आणि त्याने श्वास सोडलाय. मी चार पावलं मागे उभी होते, तरी तो माझ्यापर्यंत आला आणि माझ्या अंगावर काटा. मला दारूचा वास जन्मापासून माहिती. ही दारू नव्हती. फळ होतं, पण कुठलं ते मला सांगता येईना. डोक्यात येतंय, जिभेवर येत नाही. मी खोटं सांगायची एवढी तयारी करून आलेले, फुलं, मध, काय काय, सगळं विसरले. नुसती उभी.

बाबा उकिडवेच. उठेनात. मला वाटलं गुडघा धरला. मी पुढे गेले तर त्यांचे डोळे मिटलेले. आणि मी दोन वर्षं त्यांना डोळे मिटताना बघितलंय ना, ते खोटं मिटणं मला पाठ आहे, त्यात पापण्या हलत असतात. आता हलत नव्हत्या.

"जांभळां," म्हणाले.

"पिकान पडलेली. दगडार पडान फुटलेली जांभळां."

मार्च महिना, सुमी. जांभळाला मोहर असतो मार्चमध्ये. आणि ते म्हणाल्याबरोबर माझ्या डोक्यातलं फळ जिभेवर आलं. जांभूळच. तेच होतं ते. मला जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी सांगितलं. वेणी माझी पाठीवर होती आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते.

रोझालिया म्हणाली, काय म्हणतात? आता जांभळाला काय सांगू तिला. मी म्हटलं, एक फळ आहे, खाल्लं की जीभ निळी होते, शाळेत चोरून खाल्लं की मास्तरांना जीभ दाखवावी लागते. तिने वहीत तिच्या अक्षरात लिहिलं, जांभुळ. हिज्ज्यांसाठी दोनदा विचारलं.

"मागसून करवंदां," बाबा म्हणाले. "काळी. आनी ओली मिरी, येलार आसता ती." मग त्यांनी नाक दगडाला जवळजवळ टेकवलं. आईने माझा हात धरला. "पदू, तिका विचार. हे फळ झाडार जास्त दीस रवलां काय? हेका आधी काढूचां हुतां. आठ-धा दीस. उन्हान सुरकतलां हा थोडां."

मी विचारलं.

रोझालियाने वही मिटली. मग म्हणाली, त्या वर्षी ऐन तोडणीला बाप आजारी पडला. सगळे हॉस्पिटलात. परत आलो तेव्हा दहा दिवस उशीर झालेला. ही गोष्ट आमच्या चौघांशिवाय कुणाला माहिती नाही. त्या वर्षीची बाटली बापाने मुद्दाम दिली, तो म्हणाला बघू या कुणाला कळतंय.

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "तेका सांग, बिघडूक नाय. उशीर झालो तो बरो झालो."

तिने ते तस्संच लिहिलं. आणि मग आम्ही मांडवात बसून उरलेली प्यायलो, आईसुद्धा, आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर घालूक इसरली वाटता," आणि कोप संपवला.

तिला हरमलला सोडून मी परत आले तेव्हा दिवेलागणीची वेळ. बाबा अंगणात बसलेले, रिकामी बाटली मांडीवर. मी बाजूला बसले. म्हटलं, बाबा, वास कधी आला?

"ठावक नाय."

"म्हणजे?"

"काजीचो वास कसो, तो माका जन्मापासून ठावक. तो येवक नाय पैल्या वर्सा, तेव्हा इतक्यां दुखलां, की मगे मी हुंगूचाच सोडलंय. तू हुतंस. मी नुसते डोळे मिटी." बाटलीचं बूच त्यांनी फिरवून बघितलं. "हेचो वास कसो तो माका ठावकच नाय हुतो. ठावक नाय तेका भियाचां कित्याक? म्हणान नाकान सास घेतलंय."

म्हणजे वास कधीचाच परत आला असेल, सुमी. सहा महिन्यांपूर्वी, वर्षापूर्वी, कोण जाणे. दारात उभा असेल आणि हे घाबरून दार उघडत नव्हते.

पण गोष्ट इथे संपली नाही. संपली असती तर मी तुला विचारायला आले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात मोसमातलं सगळ्यात मोठं पिंप तयारीला आलेलं होतं. अनंतकाका येऊन बसलेले, त्यांचंही पिंप त्याच दिवशीचं, बाबा आमचं सांगतील तेच ते त्यांचं करणार. बाबा यायच्या आधी मी सवयीने फडकं उचलून वास घेतला. तयार होतं. मला अगदी खात्री. गोड कमी झालेला, नाकाला झिणझिणी. आज, आत्ता. मागची दोन वर्षं ह्याच वासाला मी वेणी पुढे घेत आले.

बाबा आले. फडकं उचललं. डोळे मिटले. पापण्या हलल्या नाहीत. डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ अनंतकाकांना म्हणाले, "आज नको. फाल्यां सकाळी."

सुमी, माझा हात वेणीवर. तू विचार कर. माझं नाक म्हणतंय आज. उद्यापर्यंत आंबलं तर आमचं पिंप गेलं, अनंतकाकांचं गेलं, आणि कालचा दिवस, तो दगड, ती जांभळं, सगळं गेलं. बाबा परत म्हणून कधी पिंपात नाक घालणार नाहीत. भाण विकून टाकतील, उद्याच. आणि मी आता वेणी पुढे घेतली तर? ते बघतील. बघितल्याशिवाय राहणार नाहीत, दोन वर्षांची सवय. आणि बघितलं की लगेच म्हणतील, नको, आजच चढवू या. हुर्राक बरा होईल. "बरी आसा, बाबली." पण मग ते स्वतःच्या नाकावर कधी विश्वास ठेवतील? पिंप वाचेल आणि नाक जाईल.

आणि मला हेही कळत नव्हतं की इटलीची द्राक्षं ओळखली म्हणून आपली काजू ओळखता येईलच कशावरून. वास आलाय, पण पूर्ण आलाय का? कोण सांगणार?

आई चुलीपाशी होती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या वेणीकडे, सुमी. तेव्हा मला कळलं की तिला पहिल्यापासून माहिती आहे. दोन वर्षं ती वेणी बघतेय आणि एक शब्द बोलली नाही. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं लाकूड पुढे सरकवलं.

मी वेणी उचलली, गोल फिरवली आणि वर बांधून टाकली. अंबाडा. घट्ट. पुढेही नाही, मागेही नाही. आणि बाबांनी तेवढ्यात बघितलंच माझ्याकडे. अंबाडा बघितला. फडकं पिंपावर टाकून दोरीने बांधलं.

तो दिवस कसा काढला विचारू नकोस. तीन वेळा मी मांडवाकडे गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. वास घ्यायचा नाही असं मी स्वतःला बजावलेलं.

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर चढवलं. आग लावली, भाणाच्या तोंडाला चिकण मातीने लिंपलं, आणि आम्ही बसलो. पहिले थेंब आले. बाबांनी पहिला कोप भरला आणि सातविणीकडे घेऊन गेले. गेले ते बराच वेळ आले नाहीत. इकडे मी आणि अनंतकाका, थेंब टिपटिप पडताहेत, आणि दोघांपैकी कुणी हात लावत नाही. परत आल्यावर बाबांनी दुसरा कोप भरून काकांना दिला. काकांनी घोट घेतला. थांबले. मग बाकीचा घेतला.

काही बोलले नाहीत. रिकामा कोप परत पुढे केला.

बाबांनी भरला. मग त्यांनी एक कोप माझ्यापुढे धरला, नुसता वास घ्यायला. मी घेतला. आणि तेव्हा मला कळलं की गेली दोन वर्षं मी प्रत्येक पिंप एक दिवस आधी चढवत होते. प्रत्येक. मला जे तयार वाटत होतं ते तयार नव्हतं. उद्या सकाळी असतं काहीतरी, जे आज नसतं, आणि ते माझ्या नाकाला कळत नाही, अजून तरी नाही. तुला कसं सांगू तो काय वास होता. हुर्राकच, पण जणू दुसऱ्याच डोंगराचा.

बाबा म्हणाले, "काल वेणी खंय गेली हुती?"

मी म्हटलं, "उकडत होतं. बांधली."

"बरां केलंस," म्हणाले, आणि भट्टीत लाकूड सारायला वळले.

आई घरात म्हणते की रोझालियाच्या बाटलीने नाक परत आणलं. अनंतकाकांना नाक गेलं होतं हेच माहिती नाही, ते म्हणतात राखणदाराला परदेशी आवडली. बाबा नुसतं ते बूच शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात. आणि मी, मला अजून त्या पिंपाची भीती वाटते गो. तेव्हा मला काहीच माहिती नव्हतं. माझं नाक आज म्हणत होतं, मी ते दाबून टाकलं आणि केस बांधले, एवढंच. दुसऱ्या दिवशी आंबलं असतं तर तो अंबाडा मी आयुष्यभर डोक्यावर घेऊन फिरले असते.

आता बोल. तू असतीस तिथे, वेणी हातात, बाबा असे पाठमोरे, तर तू काय केलं असतंस?